गल्लीतला ताणा

९ जानेवारी १९७४

नकाशात आमची गल्ली निळी आहे!

निळी म्हणजे दुकानांची. शहराचा नवा आराखडा नगररचना ऑफिसच्या भिंतीवर लावलाय असं कळलं, म्हणून शाळा सुटल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून गेले. बोट फिरवून फिरवून गल्ली शोधली. भोसल्यांच्या काळात कोष्टी विणकरांना इथं वसवलं म्हणतात, तेव्हापासूनची ही गल्ली. आणि नकाशात ती चक्क रुंद रस्ता झालेली! दोन्ही बाजूंना बाजार. आमचं घर तर दिसतच नाही. घराच्या जागी नुसता निळा रंग.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे मागावर बसले होते. धोटा थांबवला नाही. म्हणाले, "कागदावरची गोष्ट आहे, चारू. कागद फाटते."

कागद फाटत नाही! कागद घरं फाडतो. बारा वर्षं मुलांच्या पाट्या तपासतेय मी. लिहिलेलं पुसायला किती घासावं लागतं ते मला विचारा.

१२ जानेवारी

हरकती घ्यायची मुदत आहे. गल्लीत कुणालाच पत्ता नाही. मी सांगितलं तेव्हा सगळे "हो का" म्हणाले आणि कामाला लागले.

१५ जानेवारी

आज सकाळी पांजण होती, सुताला खळ लावायची. दारात उभी राहून बघत बसले, शाळेला उशीर झाला.

नकाशा काढणाऱ्याला हे कसं दिसणार? ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं सूत गल्लीभर पसरायचं, बांबूच्या घोड्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दोघा-तिघांनी खळीत बुडवलेला कुंचा फिरवत जायचं. मामाजी, ह्यांचे वडील, अजून स्वतः कुंचा धरतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण हाताला तुटलेलं सूत बरोबर लागतं. खळ वाळेपर्यंत ताणा गल्लीत आडवा. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाकून, ताण्याखालून जायचं. दूधवाला वाकतो, पोस्टमन वाकतो, वरात असली तर नवरदेवसुद्धा! आमच्या इथं कुणी त्याचं वाईट मानत नाही.

गल्लीत गाड्या धावायला लागल्या तर पांजण कुठं करायची? छपरावर? पांजण नाही तर ताणा नाही, ताणा नाही तर माग नाही. आणि माग नाही तर हे काय करतील? ह्यांना दुसरं काही येत नाही. येऊ नये असंही वाटतं मला. ह्यांच्या हातचं लुगडं मी दुकानातसुद्धा ओळखते.

२० जानेवारी

मनोहरराव आले होते, तिळगूळ घेऊन. संक्रांत होऊन गेली तरी तिळगूळ! मार्केट बांधणारे ते हेच. ह्याच गल्लीत जन्मले, बापाचा माग विकून कंत्राटदार झाले. गल्लीच्या तोंडावरचं कोपऱ्याचं घर त्यांनी घेतलंय.

मामाजींना म्हणाले, "काकाजी, तुम्हाले रस्त्यावरचा गाळा देतो. गिरिधरभाऊ गल्ल्यावर बसन, पंख्याखाली. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून किती दिवस बसन गा?"

गिरिधरभाऊ म्हणजे हे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. अंगाचा तिळपापड झाला. आणि मामाजी? त्यांनी मनोहररावांना पाटावर बसवलं, चांगल्या कपातून चहा दिला, जाताना पानसुपारी दिली. नंतर मी बोलले तर म्हणतात, "दारी आलेला माणूस आहे वं. भांडण रस्त्यावर करता येते, घरात नाही."

हा माणूस घर गिळायला बसलाय आणि आम्ही त्याच्यासाठी कप विसळतोय!

२९ जानेवारी

ऑफिसात गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. शेवटी एक लाल मफलरवाला बाबू भेटला, त्यानं निदान वर मान करून पाहिलं.

मी म्हटलं, "निळा रंग काढा."

"मग कोणता देऊ? पिवळा म्हणजे राहायचं. निळा म्हणजे दुकानं. जांभळा म्हणजे कारखाने. तुमच्या गल्लीत काय आहे?"

म्हटलं, "राहतो तिथंच विणतो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. लुगडं घ्यायला माणूस ओट्यावर येतो, म्हणजे दुकानही तेच."

तो हसला. "बाई, एका घराले तीन रंग देता येत नाही. एक सांगा."

एक सांगा! सासूबाई असत्या तर त्याच्या टेबलावर खळीनं भरलेलं गंज उपडं केलं असतं.

जांभळा नको, कारखाने येतील. निळा तर नकोच. उरला पिवळा. त्यानंच सुचवलं, "अर्जात लिहा, ही जुनी राहती वस्ती आहे." तसं लिहिलं. लिहिताना हात अडखळला. पण दुसरं काय लिहू?

४ फेब्रुवारी

सह्या गोळा केल्या. सह्या कमी, अंगठे जास्त. रुखमाबाई शेजारीण, नवरा गेल्यापासून सगळ्यांच्या सुताच्या कांड्या भरून देते. ती अडूनच बसली. "काहून करू वं अंगठा? मार्केट झालं तर मी भज्याचं दुकान टाकीन. कांड्या भरू भरू खांदा गेला माह्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिचा खांदा खरंच गेलाय.

मग तीच घरून परत आली आणि अंगठा उमटवून गेली. "तुह्यासाठी करून राहिली, मार्केट नको म्हणून नाही," म्हणाली.

१९ फेब्रुवारी

नगररचनेचे साहेब पाहणीला येणार, शुक्रवारी! बाबूनं सांगितलं, "जे दिसन तेच साहेब लिहिन. जे आधीपासून चालू आहे त्याची नोंद होते, ते राहते."

संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना गोळा केलं. सांगितलं, रोजच्यासारखं काम चालू ठेवा. माग चालू, पांजण चालू. साहेबांना कळू दे गल्ली कशी जगते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामाजी म्हणाले, "तू चिंता नको करू. साहेब खूश होऊन जाईन."

मला जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

शाळेतल्या मोठ्या बाईंनी रजा दिली नाही. वार्षिक तपासणी म्हणे. मधल्या सुट्टीत पळत येईन.

२२ फेब्रुवारी

काय लिहू!

मधल्या सुट्टीत पळत आले. गल्लीच्या तोंडाशीच थबकले. ही आमची गल्ली? सडा घातलेला. दारोदार रांगोळ्या. ताणा नाही, घोडे नाहीत, खळीचं गंजसुद्धा कुणी उचलून ठेवलेलं. एकाही घरातून खटखट नाही! माणसं इस्त्रीच्या टोप्या घालून ओट्यांवर ओळीनं बसलेली, पोरी पाहायला पाहुणे यावेत तशी. ह्यांनी लग्नातला कोट घातलेला. ह्यांनी!

साहेब येऊन गेले होते.

मामाजींचा चेहरा नुसता फुललेला. "लय भला माणूस. गाडी थेट दारापर्यंत आली पाहाय. चहा घेतला, चिवडा खाल्ला. म्हणाला, अशी शांत आणि स्वच्छ वस्ती अख्ख्या शहरात पाह्यली नाही."

मी ओरडलेच. "मामाजी, ताणा काहून काढला?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "साहेब आपल्या गल्लीत पहिल्यांदा येऊन राहिला. त्याले वाकवू का मी, ताण्याखालून? पाहुण्याले मान खाली घालून आत आणायचं? अन् मागाच्या खटखटीत त्याच्याशी बोलू कसा?"

ह्यांना विचारलं, तुम्ही तरी? हे कोटाची गुंडी काढत म्हणाले, "बाबाले कसं नाही म्हणू?"

परत शाळेत गेले. दुपारभर मुलांना पाढे म्हणायला लावले आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले.

२३ फेब्रुवारी

भाजीत मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. त्याचाही राग आला.

१० मार्च

होळी झाली. काही निरोप नाही. मनोहरराव कोपऱ्याच्या घरासमोर विटा उतरवून राहिलेत. येता-जाता मला नमस्कार करतात. त्या नमस्काराचीच जास्त चीड येते.

१६ एप्रिल

जिंकलो!! गल्ली पिवळी झाली! रुंद रस्ता रद्द, बाजार रद्द. मनोहररावांच्या विटा आता त्यांनीच मोजत बसाव्यात.

बाबूनं स्वतः नवा नकाशा दाखवला. मी वेड्यासारखी त्या पिवळ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिले. येताना पेढे घेतले. मामाजींनी पेढा आधी देवाला ठेवला, मग मागाला. मला म्हणाले, "पाह्यलं? पाहुण्याचा मान ठेवला तर असं होते."

म्हटलं, हो मामाजी. तुमचंच खरं. उगाच आकांडतांडव केलं मी. रुखमाबाईनं मात्र पेढा खाऊन विचारलं, "म्हणजे माहं भज्याचं दुकान गेलं न?" कितीतरी दिवसांनी सगळे पोटभर हसलो.

१९ एप्रिल

हसू जिरलं.

मंजुरीची नक्कल आणायला गेले. लाल मफलर आता उन्हाळ्यामुळे नाही, बाबू तोच. नक्कल देताना म्हणाला, "मागाचं पाहून घ्या बरं. सहा महिन्यांत हलवा लागन. शहराबाहेर शेड देऊन राहिले."

"काय हलवा लागेल?"

"माग. पिवळ्यात उद्योग चालत नाही. माग म्हणजे उद्योग."

मी म्हटलं, दीडशे वर्षं चालू आहेत! तुम्हीच म्हणाला होता, आधीपासून जे चालू आहे त्याची नोंद होते, ते राहतं.

"राहतेच न. पण पाहणीत दिसलं पाह्यजे. साहेबानं लिहिलं आहे – शांत राहती वस्ती, धंद्याचा वावर नाही, रस्ता मोकळा. आता जे नव्हतंच ते जुनं म्हणून कसं ठेवू, सांगा?" मग हळूच म्हणाला, "अन् अर्जात तुम्हीच राहती वस्ती लिहिलं, बाई."

मी लिहिलं. त्याच्याच सांगण्यावरून, पण अक्षर माझं! दुकानांपासून वाचवली गल्ली आणि विणकरांपासूनही वाचवून ठेवली.

२१ एप्रिल

ह्यांना सांगितलं. ह्यांनी धोटा थांबवला. मग म्हणाले, "बाबाले नको सांगू." शेड शहराच्या पार टोकाला. मामाजी तिथं जाऊच शकणार नाहीत. आणि घरात माग नसेल तर ते सकाळी उठून करतील काय?

२ मे

सांगून बसले. असं सांगायचं नव्हतं मला.

ऑफिसात रोज खेटे घालून घालून आज एकदाची फेरपाहणी मिळाली. "एकदाच. पुन्हा येणार नाही," असं बजावून. घरी आले, उन्हानं डोकं तापलेलं. मामाजी रुखमाबाईला तेच ऐकवत होते – साहेबानं चिवडा कसा मागून घेतला, वस्तीची तारीफ कशी केली. माझा तोल गेला.

"त्या तारिफेनंच माग चालले, मामाजी! तुम्ही ताणा काढला म्हणून साहेबांना माग दिसले नाहीत. दिसले नाहीत म्हणून आता ते ठेवता येत नाहीत!"

मामाजींनी एवढंच विचारलं, "माह्यामुळं झालं का हे?"

रुखमाबाई माझ्याकडे बघत होती – नको म्हण, नको म्हण, असं. मी काही म्हटलं नाही. तेच नको होतं करायला. मामाजी उठले, मागाजवळ गेले, फणीवरची धूळ पुसत बसले. तिथं धूळ नव्हतीच.

मला माझाच वीट आलाय. बरोबर बोलून काय मिळालं? थोडं थांबून, पाणी पिऊन, ह्यांना बरोबर घेऊन सांगता आलं असतं.

९ मे

मामाजी बोलत नाहीत असं नाही. "भाजी चांगली झाली" म्हणतात, "ऊन लय आहे" म्हणतात. तेवढंच.

१६ मे

उद्या पाहणी. साहेब येणार भर उन्हाचे. उन्हाळ्यात पांजण पहाटे उरकतात, नाहीतर खळ कडक होऊन सूत तडकतं. उद्या ताणा दुपारपर्यंत गल्लीत ठेवायचा तर तो गेलाच समजा. कुणाचा ताणा वाया घालवायचा? सगळे एकमेकांकडे बघत बसले. मीही मान खाली घातली. सांगायचं तोंड कुठं होतं मला?

मामाजी म्हणाले, "माहा लावा."

१७ मे

साहेब आले. ताणा काढला नाही. एका टोकाला मामाजी स्वतः उभे होते, डोक्यावर ओला पंचा टाकून.

साहेब घुटमळले. मग वाकले, पार कमरेतून, आणि ताण्याखालून आत आले. घरोघर माग चालू होते. सगळे लिहून घेतले. आता राहतील म्हणे.

मामाजींनी त्यांना "या" म्हटलं नाही. पाहुणा वाकला, तसे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.