दोष सायकलचाच

६ नोव्हेंबर १९३६, जालना
शेवटी कारण सापडलं. नदीपलीकडच्या शाळेत शिकवायला जाताना यांना चढावर उतरून सायकल हातात धरून चालावं लागतं, ते सायकलमुळे. मी स्वतः अंगणात ती उलटी करून पाहिली. चेन जुन्या बाजेसारखी सैल पडली आहे. लग्नापासून एकच चेन म्हटल्यावर माणूस दमणार नाही तर काय? डॉक्टरकडे जायचं कारण नाही. मिशनच्या दवाखान्यात उगीच घाबरवतात.

निश्चय: नवी चेन. मग चतुर्थीला दोघांनी सायकलवर राजूर. लग्नानंतरच्या वर्षी यांनी मला पुढच्या दांड्यावर बसवून राजूरच्या गणपतीला नेलं होतं. सासूबाई वाटूरसारख्या खेड्यातल्या, जुन्या वळणाच्या; महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, मला वाटलं त्यांचा मौनाचा नेम असेल.

१४ नोव्हेंबर
जुन्या जालन्यातल्या सायकलवाल्या कडूबानं चेन बसवून दिली. सकाळी हे निघाले आणि निम्म्या वाटेवरून परत आले. ओठ निळसर. यंदा थंडी फार आहे. म्हणाले, अगं, चेन उड्या मारते, पायडल रिकामंच फिरतं. म्हणजे माझं निदान बरोबरच होतं.

कडूबाला जाब विचारला. तो म्हणतो, बाई, चेन नवी अन् दाते झिजलेले, मंग उड्या मारनारच. इतके दिवस जुनी चेन अन् दाते संगच झिजले, आता ते ह्या नव्या नवरीला नांदवून घेत न्हाईत. त्याला स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं. मला आलं नाही.

मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र, म्हणजे फ्रीव्हील, बदलायचं ठरलं. हैदराबादहून यायचं आहे.

२० नोव्हेंबर
यांचे पाय सुजले आहेत. साहजिक आहे, झिजलेल्या दात्यांवर इतकी वर्षं जोर लावला. मिठाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवले. हल्ली तीन उशांना टेकून बसूनच झोपतात. वाचता वाचता डोळा लागतो म्हणतात. दिवा मात्र विझवलेला असतो.

फ्रीव्हील बसलं की सगळं सुरळीत होईल.

२ डिसेंबर
सायकल दुकानात, म्हणून हे टांग्यानं शाळेत जातात. चेहरा जरा बरा दिसतो. पण टांग्यात बसून बसून आळस चढेल. मी रोज आठवण करते, आता येईलच हं सायकल. ते मान हलवतात आणि ताटातली भाकरी चिवडत बसतात.

शेजारच्या भंवरीबाई पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, मास्तरीणबाई, बैल थकला तर गाडीला नवं चाक लावून काय फायदा? मी म्हटलं, आमच्याकडे बैल नाही.  त्यांनी न मागता चार पापड दिले.

१९ डिसेंबर
फ्रीव्हील येऊन बसलंसुद्धा, सायकल अजून दुकानातच. कडूबाचा निरोप की पुढचं दात्यांचं चक्रही घासलं आहे, तेही बदलतो, थांबा. पक्का कामचुकार. चतुर्थी गेली. पुढची जाणार नाही.

निश्चय: उद्या स्वतः दुकानात जाऊन उभी राहणार.

२० डिसेंबर
गेले. सायकल तयार होती. बरेच दिवस तयार होती, तिच्यावर धूळ बसली होती.

कडूबा आधी पाना शोधत राहिला. पाना त्याच्या हातातच होता. मग म्हणाला, बाई, रागावू नका. मास्तरच येऊन गेल्ते. म्हणले, जल्दी करू नको, ऱ्हाऊ दे इथंच, घरी सांग काम निघालं म्हणून. चढ आता माझ्यानं होत न्हाई, अन् तिला सांगवत न्हाई.

त्यानं माझ्यासमोर सायकलवर बसून गल्लीत फेरी मारून दाखवली. चेन घसरली नाही. कसला आवाज नाही, काही नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा ती इतकी चांगली चालत नव्हती.

मी म्हटलं, बरोबर आहे. घरी आणून दे.

२१ डिसेंबर
सकाळी सायकल अंगणात आली. हे बाहेर आले, सीटवर हात ठेवला आणि तसेच खांबाला टेकले. दम खाऊन झाल्यावर हळूच म्हणाले, फ्रीव्हील जरा घासल्यासारखं वाजतंय, नाही गं?

सायकल भिंतीला लावलेली होती. चाक फिरतच नव्हतं.

मी म्हटलं, हो, मलाही ऐकू आलं.

यांचा ताणलेला चेहरा एकदम सैल झाला. म्हणाले, कडूबाला नीट बघायला सांग, घाई नको. मी म्हटलं, घाई कशाची.

दुपारी सायकल परत पाठवली. कडूबाला सांगितलं, काही करू नको, नुसती ठेव. टांगेवाल्याला रोजचं सांगितलं.

उद्या मिशनच्या डॉक्टरांना घरी बोलवायचं. यांना सांगायचं, माझा गुडघा दुखतो आहे.