येते म्हणून निघाले तो रविवार

आई, आज सीवूड्सच्या घरात एकटीच जेवले आणि तुझी आठवण आली, म्हणून लिहितेय. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी कोपरखैरण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू मला शेवटचं रागावलीस ते अजून ऐकू येतं. मी ताटाशेजारी पुस्तक ठेवून जेवत होते. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "माणसं नकोतच ना तुला? मी गेल्यावर जेवलीस का म्हणून कोण विचारणार आहे?" मी ताट उचलून उठले. ती काळजी तशीच उरात घेऊन तू गेलीस, हे मला फार लागून राहिलं होतं.

तर ऐक. रबाळ्याच्या कंपनीनं मला चार वर्षं मेक्सिकोत पाठवलं, पुएब्ला नावाच्या शहरात. खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड शिक्षिका राहायच्या. मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. टेबलाभोवती त्यांच्या पाच मैत्रिणी, सगळ्या एकाच वेळी बोलतायत. तिथली मक्याची भाकरी बघून तू म्हणाली असतीस, "ही भाकरी की पापड?" वर मिरची, तीळ आणि चक्क चॉकलेट घातलेला दाट रस्सा. मी खाली मान घालून जेवले, बशी धुतली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले, "येते हं." जाते म्हणायचं नाही, हे तूच तर घोकून घेतलं होतंस. त्यापायी दारात धपाटाही खाल्लाय मी.

पण तिकडे येते म्हणजे येतेच. तासाभरानं दारावर थाप. बाई उभ्या, हातात झाकलेली बशी. "अगं, येते म्हणालीस ना? सगळ्या थांबल्यात. बरं नाही का वाटत?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली गेले, तर माझी खुर्ची तशीच रिकामी ठेवलेली. शब्दाचा घोळ सांगितला तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवण झालं म्हणून तिथं कुणी उठत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग चार वर्षं दर रविवारी त्या टेबलाशी संध्याकाळ व्हायची. मेस्कालही प्यायले, आई. दारूच ती, धुरकट वासाची, घोट घोट घ्यायची आणि वर संत्र्याची फोड चोखायची. नाक मुरडू नकोस, मला आवडते.

परत येऊन वर्ष झालं. आत्ता संध्याकाळी सहा वाजता बाईंचा फोन आला, त्यांच्याकडे नुकतंच उजाडतंय. रोजच्यासारखं त्यांनी मी शिकवलेल्या मराठीत विचारलं, "जेवलीस का?" मला किती हायसं वाटतं, ते तुला सांगायचं होतं. हा कागद आता तुझ्या पुरणयंत्राच्या खोक्यात ठेवते, पाठवायचा तरी कुठे.

एक मात्र बाईंनाही कधी सांगितलं नाही. त्या रविवारी मी पळ काढत होते. पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच जिना चढले होते. येते, हे नुसतं तुझ्या सवयीनं तोंडून गेलं.