कापल्यावर लाल पडणारी अळंबी

आई,

इथूनच गुडघे टेकून, टाळी वाजवून तुला नमस्कार करते. सांपा, आईला हे मोठ्यानं वाचून दाखव. शेजारणींनाही ऐकू जाऊ दे.

मी बरी आहे. थंडी हाडात शिरते, पण कोट मिळालाय. तुझे गुडघे कसे आहेत? रानात एकटी जाऊ नकोस.

ते डॉ. ब्रेनर आठवतात ना? आपल्या अंगणात बसून तुझ्या हातची मक्याच्या पिठाची न्शिमा खाल्ली, आणि तू वेगळ्या ठेवलेल्या अळंब्यांच्या दोन टोपल्या एकीत ओतल्या. "जात एकच आहे मावशी, उगाच घोळ घालता!" तू म्हणालीस, "कापल्यावर लाल पडते ती पोट बिघडवते, बाबा." तर हसले. कापलेले तुकडे एकमेकांत मिसळले, तुला सगळंच फेकावं लागलं. सहा वर्षं ते हसू माझ्या कानात आहे.

आता त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच सूक्ष्मदर्शकाखाली मी दाखवून दिलं, जाती दोन आहेत. जो वेगळी जात दाखवतो, त्यानंच नाव द्यायचं, अशी इथली रीत. खायच्या अळंबीला मी तुझं नाव दिलंय, म्वांगो. दुसरीला त्यांचं.

साहेब असे खूश झाले की सगळ्यांना केक वाटला. नावाखालची 'खाल्ल्यास जुलाब होतात' ही ओळ त्यांनी अजून वाचलेली नाही. वाचतील तेव्हा माझं काय होईल, ते होवो. छापून झालेलं नाव आता त्यांनाही पुसता येणार नाही.

यंदाच्या पावसात ती लाल पडणारी दिसली, की "काय ब्रेनरसाहेब!" म्हण, आणि उपटून फेकून दे.

तुझीच,
न्कांडू