कॉलर शिकेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे ते एक काम उरकलं. आई बरी आहे. जेवते, झोपते, औषधाला तोंड वाकडं करते. दाजींचा गुडघा आता कसा आहे? आणि भाचीला म्हणावं, नोकरी लागल्यावर मामाला दोन ओळी लिहिल्या तर हात झिजत नाही.

फोन बंद का असतो म्हणून तू रागावलीस. अगं, फोन वाजला की आईला कारखान्याची घंटा झाल्यासारखं वाटतं. हातातलं टाकून उठते, चपला घालते आणि दाराकडे निघते. एकदा दोन जिने उतरून गेली होती. तेव्हापासून फोन बंद, आणि दाराला वरच्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही अशी कडी. आपली पत्रंच बरी.

तू विचारलंस, माझा शिवणाचा नाद टिकला की नव्याचे नऊ दिवस झाले. टिकला, बाईसाहेब. पहिल्या शर्टाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या ते आठवून तू अजून हसत असशील, हस. पण तेव्हापासून मी दुकानातला शर्ट अंगाला लावलेला नाही. दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे आणि काम संपलं की स्वतःच्या छातीचा आणि बाहीचा नकाशा कागदावर काढायचा, यात मला फार मजा येते. कापड पसरलं, खडूने रेघ मारली की डोकं शांत होतं. एकच अडचण आहे. पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही. पूर्वी आई घ्यायची. आता मी भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि हात मागे नेऊन खडूने खुणा करतो. भिंतीवर माझे खांदे उमटलेत. घरमालक बघेल तेव्हा बघेल.

कॉलर तेवढी येत नाही, म्हणून माझे सगळे शर्ट बिनकॉलरचे. ऑफिसात जात होतो तेव्हा साहेब म्हणायचे, संन्यास घेतलात काय. आता घरूनच काम करतो, तर तेही म्हणायला कोणी नाही.

आईला घेऊन चार दिवस ये म्हणतेस. येऊ की. सध्या निळ्या चौकड्यांचा एक शर्ट हातात आहे, तो झाला की निघतो. तोच घालून तुझ्या दारात उभा राहीन, म्हणजे दाजींची बोलती बंद.

तुझा,
ठोंब्या


१९ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र चांगलंच झोंबलं. "चार महिन्यांत लोक घर बांधून राहायला जातात, तुझा एक शर्ट होईना?" असं तू लिहिलंस, आणि वर एक तयार शर्ट पाठवून दिलास. माप अगदी बरोबर आहे. कॉलरही छान बसली आहे, मी बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत बसलो होतो. कपाटात ठेवलाय.

आता खरं सांगतो. निळा शर्ट कधीच झालाय. एकदा नाही, शंभराहून जास्त वेळा झालाय. मी शिवतो आणि आई उसवते.

तीस वर्षं तिने शाळांच्या गणवेशाच्या कारखान्यात काढली, तुला माहीत आहेच. बाकी सगळं गेलं, पण वाकडी टीप तिला अजून दिसते. दुपारी दोनला खिडकीशी बसते, धागे तोडायची छोटी कात्री घेते, शर्ट उजेडात धरते आणि म्हणते, "कारागीर, ही टीप सरळ नाही. परत घ्या." कारागीर म्हणजे मी. मला अहोजाहो करते. मग एकेक टाका तोडून बाही वेगळी, पाठ वेगळी, खिसा वेगळा करते, सगळं घडी घालून माझ्यापुढे ठेवते. धागे वाटीत. पाच वाजेपर्यंत तिचं कशाकडे लक्ष नसतं. दाराकडे जात नाही, रडत नाही, मला चोर म्हणत नाही.

ते तीन तास मी नकाशे काढतो. पोट त्यावरच आहे.

सुरुवातीला फार राग यायचा. एवढ्या हौसेने शिवायचं आणि हिने टराटरा उसवायचं. एकदा तर ओरडलो तिच्यावर. ती घाबरून म्हणाली, "मालकांना सांगू नका, मी पगार कापून देईन." त्यानंतर ओरडलो नाही.

आता मी मुद्दाम लांब टाक्यांनी शिवतो, म्हणजे तिच्या बोटांना त्रास नको. थोडी वाकडी टीप घालतो, म्हणजे तिला चूक सापडेल. हे लिहिताना मला लाज वाटते. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या हाताला सरळ टीप यावी म्हणून मी जुन्या चादरींवर मैलभर शिवण घातली, तोच हात रोज सकाळी उसवण्यासाठी शिवतो. कापडाची चाळण झालीये. तोच कागद, तोच शर्ट, तोच मी. माझ्या अंगावर घालायला आता दोनच शर्ट धड आहेत, ते तिला दिसणार नाहीत असे वाळत घालतो.

तू महिनाभर राहायला येते म्हणतेस. नको, ताई. राग येईल तुला, पण नको. दोनच खोल्या आहेत, नवीन माणूस दिसलं की ती बिथरते, काहीबाही विचारत राहते आणि तू ते मनाला लावून घेशील. आणि माझं काही अडलेलं नाही. खालच्या मजल्यावरची नर्सबाई दर रविवारी अर्धा तास येऊन बसते, तेवढ्यात मी भाजी आणतो. पहिल्यांदा घाईघाईने जायचो, आता हिशेब बसलाय. अर्ध्या तासात बसस्टँडपर्यंत जाऊन परत येता येतं. तुझ्या गावाची बस कुठल्या फलाटावर लागते तेही मला ठाऊक आहे. लोक चढतात, कंडक्टर दार लावतो, बस जाते. मग मी भाजी घेऊन येतो.

उगाच लिहिलं हे. खोडत बसत नाही.

तुझा,
ठोंब्या


११ सप्टेंबर

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. शनिवारी येतेस, रजा टाकलीस, तिकीट काढलंस आणि मी नको म्हटलं तरी दार वाजवणार आहेस. बरं. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून नर्सबाईला आजच टाकायला देतोय. इकडे सगळं ठीक आहे असं आज लिहीत नाही.

आई दिवसातून आठ-दहा वेळा मला एकच प्रश्न विचारते. स्वतःचं नाव विसरते, जेवली की नाही ते विसरते, बाबा गेले हेही विसरते. पण कात्री खाली ठेवते आणि विचारते, "काय हो, झाली का जागा माझ्या मुलीकडे?"

तू आल्यावर पहिल्या तासाभरात हे तुझ्या कानावर पडणार. तू म्हणशील, कसली जागा? म्हणून मी तिला घेऊन तुझ्याकडे आलो नाही, आणि म्हणूनच तुला इथे येऊ दिलं नाही. या तीन वर्षांत तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा मी तिला झोपेची अर्धी गोळी दिली होती. तुला वाटलं ती तुझ्याशी बोलत नाही. शर्टाचं तर निव्वळ निमित्त होतं.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, विसरण्याचा आजार आहे, दोन वर्षं बरी जातील, पुढचं सांगता येत नाही. त्याच आठवड्यात तुझा फोन आला. खिडकीची खोली रिकामी केलीये, आईला पाठवून दे, म्हणालीस. तिला फोनवरचं बोलणं नीट कळायचं नाही म्हणून फोन माझ्याच कानाला होता. मी म्हणालो, विचारतो. दोन दिवसांनी तुला सांगितलं की ती नको म्हणते, तिकडे करमायचं नाही म्हणते. तू "असू दे, तिला तूच प्यारा" म्हणून फोन ठेवलास.

आई तसं कधीच म्हणाली नव्हती, ताई. तिला यायचं होतं. ती स्वतःहून माझ्यामागे लागली होती, मला काही दिवस ताईकडे नेऊन सोड म्हणून. मी तिला सांगितलं, ताईकडे सध्या जागा नाही, भाचीची परीक्षा आहे, जागा झाली की कळवते म्हणाली.

असं का केलं याचं उत्तर फार लहान आहे, म्हणूनच ते सांगायला एवढा वेळ लागला. आम्ही तेव्हा कॉलरपर्यंत आलो होतो. कारखान्यातून आल्यावर जन्मभर तिने घरातल्या मशीनचं तोंड पाहिलं नव्हतं, पण माझा नाद बघून तिला मजा वाटायला लागली. संध्याकाळी माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसायची. "ठोंब्या, कापड ओढू नकोस, ते आपोआप जातं." खांदा शिकवला, बाही शिकवली, काज शिकवलं. कॉलर हे तर तिचं खास काम, रोज दोनशे कॉलरी लावायची. ती म्हणायची, कॉलर घाईची नाही, हात बसू दे. चव्वेचाळीस वर्षांचा मी, ना बायको ना मूल, आणि पहिल्यांदाच आई माझ्याशी बोलत होती. तुझ्याशी ती नेहमीच बोलायची, ताई. माझ्या वाट्याला फक्त डबा यायचा. मला वाटलं, कॉलर शिकेपर्यंत राहू दे. महिनाभराचा प्रश्न. मग मीच तुला फोन करीन आणि म्हणेन, तिचा विचार बदलला.

महिन्याचे दोन झाले, दोनाचे सहा. खोटं एकदा बोललं की ते निस्तरायला धीर लागतो, आणि मला तो कधीच नव्हता. मग एके दिवशी ती कॉलरचा तुकडा हातात धरून बसली आणि तिला पुढचं आठवेना. उलटा-सुलटा करून बघितला, मग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे कोणाचं काम आहे?" तेव्हा संपलं सगळं. दोन वर्षं बरी जातील म्हणाले होते, ती दीडच गेली. ती वर्षं तुझी होती. मी खाल्ली.

तेव्हापासून मी या दोन खोल्यांत आहे. एकटा सांभाळतोय म्हणून तू प्रत्येक पत्रात माझं कौतुक करतेस ना, ते करू नकोस. दार मी लावून घेतलंय.

अजून एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात तिने सकाळपासून विचारून विचारून भंडावलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, झाली जागा." ती कात्री ठेवून उठली. उसवलेल्या शर्टाचे सगळे तुकडे तिने पिशवीत भरले, केस विंचरले, चपला घातल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. जेवायला उठली नाही. मी म्हटलं, आत या, तर म्हणाली, "नको, न्यायला आले आणि मी दिसले नाही तर परत जातील." अंधार पडेपर्यंत बसली, ताई. शेवटी मीच म्हणालो की निरोप आलाय, जागेचं पुन्हा अडलं. तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. म्हणाली, "असू दे. तिची अडचण असेल. वाईट नाही हो ती."

मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "अहो कारागीर, हे काय करताय?" तिची माफी मागण्याची वेळ निघून गेलीये. तुझी मागायची आहे, पण ती आधी मागून तुला बांधून ठेवणं बरोबर नाही.

शनिवारी ये. कडी काढून ठेवतो, दार नुसतं ढकल. ती खिडकीशी असेल. तुला ओळखणार नाही, "बाई, कोणाकडे आलात?" असं विचारेल. बस तिच्याजवळ. थोड्या वेळाने ती तो प्रश्न विचारेल. मी आत स्वयंपाकघरात असेन, बाहेर येणार नाही. त्याचं उत्तर माझ्याजवळ उरलेलं नाही, मी काहीही म्हटलं तरी ते खोटंच होतं. तू तिला सांग. सांगितलेलं तिला पाच मिनिटांनी आठवणार नाही आणि ती पुन्हा विचारेल. तू पुन्हा सांग.

मग मला हाक मार, किंवा मारू नकोस.

तुझ्या आणि तिच्या मध्ये बसून राहिलेला,
तुझा भाऊ