बाईंची लाल भिंत

३ मार्च
एका भिंतीची खरी किंमत : नऊ मोठे कागद, अर्धी बाटली किरमिजी शाई, दोन वेळचं गार जेवण आणि बायकोचं 'आता त्या भिंतीशीच संसार करा!' — पण जमलं!

फोटोग्राफर बाईंचा जुना फोटो. फिकट गुलाबी भिंत, पुढे बसलेली त्यांची आई. फाइल हरवली, उरला तो हा फ्रेममधला एकच. शनिवारी बाईंचं प्रदर्शन — अडुसष्टाव्या वर्षी पहिलं! 'आहे तसाच छापा,' म्हणाल्या. नवा-जुना शेजारी ठेवले तर फ्रेमवालाही फसला. जुना कुठल्या हौशी गड्यानं छापलाय, मी बाईंना विचारलं होतं. 'जाऊ द्या हो,' म्हणाल्या. माझ्या हातचा रंग असा धुतल्यासारखा व्हायचा नाही!

४ मार्च
बाई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. 'हुबेहूब आहे. पण भिंत लाल होती हो.'

'बाई, समोर आहे ते छापतो. मनातलं छापायचं मशीन अजून आलेलं नाही.'

हसल्या. पण फोटो नेला नाही. 'त्या लालासाठीच तर तिला तिथे बसवलं होतं. हा नसेल तर बाकीचे फोटो कशाला लावू?'

माणसाला जुनं सगळं जास्त लाल, जास्त गोड आठवतं. गिऱ्हाइकांकडून वर्षानुवर्षं हेच ऐकतोय.

५ मार्च
तरी डोक्यातून जाईना. लाल म्हणजे किती लाल?

६ मार्च
फ्रेमवाल्याकडून जुनी फ्रेम उघडवली. कडेला, माउंटच्या पुठ्ठ्याखाली, उजेड न लागलेली बोटभर पट्टी — लालभडक! बाई खऱ्या. मी इमानेइतबारे छापला तो उडालेला रंग!

पट्टीवरून भिंत जुळवली. पण लाल चढवला तसा आईचा चेहराही तापला. चेहऱ्यासाठी पट्टी कुठून आणू? बाईंना फोन लावला.

'दुपारभर उन्हात कपडे वाळत घालत होती. त्यात मी ओढून आणली, म्हणून चिडलेली. तापलेलाच ठेवा!'

ठेवला. संध्याकाळी बाईंनी पाहिला. 'बघा, आता ओरडेल,' एवढंच म्हणाल्या आणि छातीशी धरून घेऊन गेल्या.

आकडे मशीनचे, भिंत पट्टीची, चेहरा बाईंचा — पण हात माझा!

७ मार्च
जुना फोटो परत फ्रेममध्ये घालताना पहिल्यांदाच उलटा केला. मागे शिक्का — जिन्याखालच्या माझ्या पहिल्या दुकानाचा. शेजारी, माझ्याच अक्षरात : 'रंग तपासला.'