दोनशे मीटरचं घड्याळ

२ फेब्रुवारी
रूबीला बोनेअर बेटावर नोकरी लागली. काम इथलंच, लोकांना डायव्हिंग शिकवायचं. महिनाअखेरीस जाणार. जेवताना म्हणाली, पप्पा, अख्खं जग आपल्या कोझुमेल बेटावर येऊन समुद्राखाली बघून जातं आणि तू इथे जन्मून गुडघ्याच्या वर भिजला नाहीस. जायच्या आधी तुला एकदा खाली नेणार.
मी लगेच हो म्हटलं. बायकोच्या, फिदेलियाच्या, हातून टॉर्टिया खाली पडली. माझ्यावर इतका कमी विश्वास का, याचा तपास करायला हवा.
एकच अट घातली. आधी खात्रीचं घड्याळ. खाली वेळ चुकली की माणूस संपला. मी औषधांचं दुकान चालवतो. वेळेशी थट्टा मला चालत नाही.
रूबी म्हणते, घड्याळ कशाला, माझ्या मनगटावर कॉम्प्युटर असतो, तो सगळं सांगतो. माझ्या दुकानातलाही सगळं सांगतो, आठवड्यातून दोनदा बंद पडून. तिला बोललो नाही. पोरगी भोळी आहे.

५ फेब्रुवारी
आबेलार्दोच्या घड्याळाच्या दुकानात गेलो. हा मला लहानपणापासून ओळखतो, म्हणजे कुठे फसवायचं ते त्याला नीट ठाऊक आहे.
एका घड्याळाच्या पाठीवर लिहिलंय, २०० मीटर. विचारलं, दोनशे मीटर खाली जाऊन कोणी बघितलं? म्हणाला, कारखान्यात तपासतात. तू बघितलंस? तर म्हणतो, डॉन एवारिस्तो, तुम्ही तापाची गोळी विकता, ती कारखान्यात जाऊन तपासून येता का?
प्रश्नाला प्रश्न. चोराची जुनी युक्ती.
शिवाय काचेभोवतीचं कडं एकाच बाजूला फिरतं. दुसऱ्या बाजूला जाम. खराब माल! तर म्हणतो, ते मुद्दामच तसं असतं. पाण्यात धक्का लागून कडं सरकलंच, तर उरलेला वेळ कमी दिसावा, जास्त दिसू नये. अगदी पाठ केल्यासारखं बोलला. तरी घेतलं. तपासणी मी स्वतः करणार.

९ फेब्रुवारी, सोमवार
दाबाची टेस्ट. समुद्रात दाब, कुकरमध्ये दाब. साधं सायन्स आहे. घड्याळ कुकरमध्ये ठेवून गॅस मोठा केला.
घड्याळ बंद. काचेच्या आत धुकं. आबेलार्दो उघडा पडला!
दुर्दैवाने आज सोमवार, म्हणजे घरोघरी कुकरमध्ये काळा घेवडा आणि डुकराचं मटण. फिदेलियाने कुकरचं झाकण काढलं. आत बघितलं. मग म्हणाली, म्हाताऱ्या, ह्यात मीठ किती घालू?
आबेलार्दोने गॅरंटी नाकारली. उकळलंत? म्हणाला. मी म्हटलं, आपला समुद्र काय बर्फाचा आहे? समोर हसला नाही. आत गोदामात जाऊन हसला. ऐकू आलं.

१२ फेब्रुवारी
नवं घड्याळ, दुसऱ्या दुकानातून. तिथला पोऱ्या मला ओळखत नाही. चांगलं लक्षण.
अंधारात काटे चमकतात का ते बघायला कपाटात बसून दार ओढून घेतलं. छान चमकतात. एवढ्यात फिदेलियाने इस्त्रीचे कपडे ठेवायला दार उघडलं. माझ्या खांद्यावर कपडे ठेवले आणि दार लावलं.

१६ फेब्रुवारी
आज जाणारच होतो. उत्तरेचा वारा सुटला, बंदर बंद. हळहळ वाटली. सकाळपासून गाणं गुणगुणत होतो, इतका उत्साह. फिदेलिया म्हणते, बंदर बंद झाल्याचं रेडिओवर लागलं आणि मग तू गायला लागलास. काय आधी आणि काय नंतर, हे तिला कधीच कळलेलं नाही.

२० फेब्रुवारी
वारा पडला. पण मला खोकला. एक दिवसाचाच होता, आता बरा आहे. रूबीची बोट निघून गेल्यावर बरा झाला.
संध्याकाळी ती दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाली, पप्पा, भीती वाटते का? वाटत असली तर सांग. मी नाही हसणार. पहिल्यांदा मीसुद्धा रडले होते.
मी म्हटलं, भीती कसली? अजून घड्याळाची खात्री पटत नाही, एवढंच. तिने काउंटरवरची खोकल्याची बाटली उचलून परत फळीवर ठेवली.
हे असं विचारायला तिला कोणी शिकवलं? फिदेलियावर संशय.

२५ फेब्रुवारी
ठरलं. उद्या सकाळी नऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाचा धक्का. परवा तिला सामान बांधायचंय, म्हणजे आता पुढे ढकलता येणार नाही. ढकलायचं मनात नव्हतंच.
राहिलं घड्याळ लावणं. पण लावायचं कोणत्या वेळेवर? बेटावरच्या कोणत्याच घड्याळावर माझा विश्वास नाही. फोनचं तर विचारूच नये. समुद्रापलीकडचा सिग्नल पकडला की खुशाल मेरिदा शहराची वेळ दाखवतो, आमच्याहून एक तास मागची. शेवटी मेरिदालाच चुलतभावाला, एलेउतेरिओला, फोन केला. जन्मभर तारखात्यात होता, सेकंदाचा पक्का. त्याने वेळ सांगितली. मी एक तास मिळवला आणि घड्याळ लावलं.
आता जगात एक तरी घड्याळ बरोबर आहे.

२६ फेब्रुवारी, सकाळ
माझा संशय खरा ठरला! माझ्या घड्याळात आठ, भिंतीवरच्यात सात. दुकानातल्यात सात. चर्चचे टोलेही सात. फोन सात दाखवतो, तो तर मेरिदाचाच. सगळं बेट एक तास मागे चाललंय आणि कोणाला पत्ता नाही. फिदेलियाला सांगायला गेलो तर ती बाजारात, लिंबं आणायला.
निघतो.

त्याच दिवशी, नंतर
धक्क्यावर बोट नाही, रूबी नाही. फक्त एक पेलिकन. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मला सोडून गेले! बाप बुडेल, फजिती करेल, असं वाटलं असणार. तोंडावर सांगायचं तरी. फोन बंद केला, घरी आलो, पडदे ओढून पडलो. मी तयार होतो, हे इथे लिहून ठेवतो.

दुपार
फिदेलिया आली. केस ओले. पाठीत पोक काढून चालणारी बाई ताठ चालत होती.
रूबीची बोट नऊला धक्क्याला लागली म्हणे. फिदेलिया डबा द्यायला तिथे पोचली होती. माझा फोन लागेना. रूबीने बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाली, मम्मा, तू येतेस? आणि ही बाई रूबीचाच जादा सूट चढवून पाण्यात उतरली. आधी उथळ पाण्यात शिकली, मग खाली गेली. एक कासव तिच्या हाताच्या अंतरावरून गेलं.
एलेउतेरिओला जाब विचारला. म्हणाला, अरे गाढवा, तू बेटावर राहतोस, म्हणून मी तुला बेटाचीच वेळ काढून सांगितली. तू पुन्हा एक तास कशाला मिळवलास?
म्हणजे घड्याळाचा दोष नाही. एका सेकंदाचाही फरक नाही. फक्त एका तासाचा.

२८ फेब्रुवारी
फेरीवर रूबीला पोचवलं. मी सगळं समजावून सांगितलं, मेरिदा, फोन, चर्च, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मी वाट बघितली, पप्पा. एवढंच. मग मिठी मारली.
फेरी लांब जाईपर्यंत उभा होतो. उन्हामुळे डोळ्यांना पाणी येत होतं.

८ मार्च, रविवार
फिदेलिया पुन्हा खाली गेली. या वेळी रूबीच्या मैत्रिणीबरोबर, ग्रिसेल्दाबरोबर. मला सामान उचलायला नेलं. बोटीत म्हणाली, आण ते घड्याळ इकडे. तुझ्या हातावर ते काय करतंय? दिलं काढून. दोघी पाठीवर टाक्या चढवून मागच्या मागे पाण्यात पडल्या. थोडे बुडबुडे आले. मग ते पण लांब गेले.
मनगट उघडं. फोन घरी. नावाडी वेन्सेस्लाओला विचारलं, किती वेळ झाला? म्हणाला, आत्ताच तर गेल्या. पुन्हा विचारलं. घड्याळ नाही माझ्याकडे, म्हणाला, येतील. याच्या 'येतील'वर काय म्हणून विश्वास ठेवायचा? मी तोंडाने मोजायला लागलो. मध्येच लाट यायची, आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. वेन्सेस्लाओने एक संत्रं सोलून अर्धं पुढे केलं. खाल्लं गेलं नाही.
मग तिचं डोकं वर आलं. मास्क काढून हसत होती. विचारलं, किती वेळ होतीस? म्हणाली, कोण जाणे. खाली एवढं बघायला होतं, घड्याळ बघायचं राहूनच गेलं.
हात धरून तिला वर ओढलं. धक्का येईपर्यंत हात सोडला नाही. बोट फार हलत होती म्हणून.