खळ्यावरचा एक

कामठा, २३ डिसेंबर १९३८
पोचले! नागपूरहून गोंदियापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. केशोराव सरांनी संख्या-सिद्धान्ताचं चर्चासत्र नाताळच्या सुटीत आपल्या गावी ठेवलं आहे. एम. ए.चे आम्ही चौघं. वसतिगृहातली माझी सोबतीण प्रेमिला याच बाजूची, सौंदडची. वर्ग खळ्यावर, उन्हात सतरंजी टाकून. कपड्यांना धानाच्या तणसाचा वास लागला आहे. छान वाटतं.

२४ डिसेंबर
एकाला मूळ संख्यांत का घेत नाहीत, ते आज सरांनी सांगितलं. घेतलं तर कुठल्याच संख्येचे अवयव एकाच रीतीने पडत नाहीत. प्रेमिला म्हणाली, बिचारा एक, वाळीतच पडला की!

पलीकडे सरांची स्वयंपाकीण रुख्मा धान मोजत होती. पहिल्या मापाला ती एक म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणते. मग दोन, तीन. मी कारण विचारलं. म्हणाली, खळ्यावर एक म्हटला का तो एक जाते, बाई. मग तिनं चहाला किती जण, म्हणून विचारलं. मी मुद्दाम प्रेमिलाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हटलं, एक! प्रेमिला हसली. रुख्मा हसली नाही.

२५ डिसेंबर
सकाळी प्रेमिला नव्हती. तिचं अंथरूणही नव्हतं. सर हळुवारपणे म्हणाले, तुम्ही तिघंच तर आलात. रुख्माचा हात धरून विचारलं. म्हणाली, कोन प्रेमिला वो?
पानं तीनच मांडली.

२६ डिसेंबर
खळ्यावर बसून लाभ, लाभ म्हणत राहिले. काही नाही. माझ्याच हातानं मी तिला— 
तिचं आडनाव कालपर्यंत आठवत होतं. डावखुरी होती ना? की—

२७ डिसेंबर
तिची आई आली. सुशीलाबाई. वसतिगृहात येऊन गेल्या होत्या, म्हणून ओळखलं. गाडीत का बसली, तिलाच ठाऊक नाही. कोणाला भेटायला आलात, विचारलं. म्हणाली, मले लेकरूच नाही वो. आणि डोळ्यांना धार. मी काऊन रडून राहिली, बाई? तुले मालूम आहे का?
आहे. मलाच आहे. मी सांगितलं नाही, तर ती कुठंच—
नाव ओठांवर येईना. मागचं पान उलटलं. प्रेमिला. अक्षर माझंच.
ही कोण—